साउथ जॉर्जिया : वन्यजीव व हिमनद्यांचे छायाचित्रण

दक्षिण अटलांटिक महासागरात, फॉकलंड बेटांच्या पूर्व-आग्नेयीस सु. १,४०० किमी. अंतरावर असलेल्या साउथ जॉर्जिया या ब्रिटिश प्रशासनाखालील बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेले प्राणिजीवनाचे व हिमाच्छादित भूदृश्यांचे छायाचित्रण. बेटाची लांबी सु. १७० किमी. व रुंदी २ ते ४० किमी. असून निम्म्याहून अधिक भूमी कायम बर्फाखाली असते. मौंट पॅजेट हे सर्वोच्च शिखर २,९०० मी. हून उंच आहे. त्याच्या रांगांतून उतरणाऱ्या हिमनद्या अनेक ठिकाणी थेट समुद्रास मिळतात आणि त्यांच्याच पायथ्याशी किनाऱ्यावर पेंग्विन, सील व अल्बट्रॉस यांच्या वसाहती भरतात. विणीचे प्राणी व हिमनदी एकाच चौकटीत यावीत अशी जागा अन्यत्र क्वचितच आढळते; त्यामुळे कायम वस्ती नसतानाही या बेटाची चित्रनोंद बरीच समृद्ध आहे. मात्र ती मुख्यतः ज्ञानासाठी झालेली नाही. देवमाशांचा व्यापार, मोहिमांवरील कर्ज, चित्रपटगृहातील प्रेक्षक यांच्या गरजा तिच्यामागे होत्या. त्यामुळे यांतील कोणत्या चित्रावर किती विसंबावे, हा प्रश्न तिच्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहतो.

कॅप्टन जेम्स कुक १७ जानेवारी १७७५ रोजी या बेटावर उतरले, तेव्हा त्यांच्या सोबत विल्यम हॉजेस हे चित्रकार होते व त्यांनी पझेशन उपसागराचे चित्र काढले. कुक यांच्या वृत्तांतातील सीलच्या उल्लेखांमुळे शिकारी तेथे लोटले. १८००–०१ च्या एकाच हंगामात एडमंड फॅनिंग या अमेरिकन कप्तानाच्या जहाजाने ५७,००० फर सीलची कातडी नेली. म्हणजे छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीच बेटावरील फर सील नष्टप्राय झाले होते. जुन्या छायाचित्रांतील मोकळे किनारे पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये. ते निसर्गाचे मूळ रूप नसून एका कत्तलीनंतरचे रूप आहे.

पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षानिमित्त १८८२–८३ मध्ये जर्मन पथकाने रॉयल उपसागराच्या काठी मोल्टके हार्बर येथे ठाणे उभारले. कार्ल फोन डेन श्टाइनेन हे या पथकातील वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ होते. पथकाने बेटाची छायाचित्रे घेतली आणि जवळच्या रॉस हिमनदीच्या मुखाची मोजणी केली. पुढील सर्व तुलनांचा आरंभबिंदू ही मोजणी होय. १९०४ मध्ये सी. ए. लार्सेन यांनी ग्रिट्व्हिकेन येथे देवमाशांचे तेल काढण्याचा पहिला कारखाना स्थापन केला आणि बेटाशी जहाजांची ये-जा नियमित झाली. छायाचित्रकारांना निवारा, कोळसा, गोडे पाणी व जहाज मिळू लागले ते या कारखान्यांमुळेच.

१९१२–१३ मध्ये रॉबर्ट कुशमन मर्फी हे तरुण अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ ‘डेझी’ या शिडाच्या शिकारी जहाजातून येथे आले. बे ऑफ आयल्स या उपसागरात काही महिने राहून त्यांनी पक्ष्यांची व सीलची छायाचित्रे घेतली, नमुने गोळा केले आणि उपसागराचा नकाशा तयार केला. तेथील एका हिमनदीस त्यांनी आपल्या पत्नीचे ‘ग्रेस’ हे नाव दिले. मर्फी यांची स्थिती विलक्षण होती : ज्या एलिफंट सीलचा ते अभ्यास करीत होते, त्यांनाच त्यांच्या जहाजावरील खलाशी चरबीसाठी मारीत होते. म्हणून त्यांची चित्रे प्राणिवर्तनाची तशीच एका उद्योगाचीही नोंद ठरतात.

त्या काळातील साधनांच्या मर्यादा ध्यानात घेतल्यावाचून या चित्रांचे मूल्यमापन करता येत नाही. प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या काचेच्या पट्ट्या जड व ठिसूळ असत. हा लेप निळ्या प्रकाशास फार व तांबड्यास अल्प संवेदी असल्याने निळे आकाश व निळसर बर्फ छापील प्रतीत सारखेच पांढरे उमटे. हिमनदीच्या भेगा दिसाव्यात म्हणून भिंगावर पिवळी काच लावावी लागे आणि उद्‌भासनाचा काळ वाढे. थंडीतून उबदार खोलीत आणलेल्या भिंगावर लगेच दव धरे. साउथ जॉर्जियाचे हवामान अंटार्क्टिक खंडाइतके कडक नाही. परंतु वारा, पाऊस व धुके यांमुळे येथे कित्येक दिवस कॅमेरा बाहेर काढता येत नाही. विणीच्या हंगामातील प्राणी माणसाला फारसे भीत नाहीत, ही एकच गोष्ट छायाचित्रकाराच्या सोयीची होती. दूरदर्शी भिंगाशिवाय पेंग्विनची निकटची चित्रे मिळाली, ती यामुळेच.

बेटाच्या छायाचित्रणातील सर्वांत प्रसिद्ध नाव फ्रँक हर्ली (१८८५–१९६२) या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराचे आहे. डग्लस मॉसन यांच्या १९११–१४ च्या मोहिमेतील अनुभवानंतर सर अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक खंड ओलांडण्याच्या मोहिमेत त्यांची निवड झाली. ‘एन्ड्युअरन्स’ हे जहाज ५ नोव्हेंबर १९१४ रोजी ग्रिट्व्हिकेन येथे आले व महिनाभर थांबले. या अवधीत हर्ली यांनी फ्रँक वर्स्ली व लायोनेल ग्रीनस्ट्रीट या अधिकाऱ्यांच्या मदतीने जड कॅमेरा ड्यूस फेल या टेकडीवर चढविला आणि खाली नांगरलेले जहाज, कारखान्याचा धूर व मागील पर्वतरांग एकत्र दाखविणारी चित्रे घेतली. केवळ रचनेच्या दृष्टीने पाहिले तरी ती त्यांच्या उत्तम कृतींत मोडतात.

५ डिसेंबर रोजी जहाज निघाले, जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रातील बर्फात अडकले आणि २७ ऑक्टोबर १९१५ रोजी ते सोडून द्यावे लागले. अर्धवट बुडालेल्या जहाजातील बर्फाळ पाण्यात उतरून हर्ली यांनी आपल्या काचपट्ट्यांच्या झाळलेल्या पेट्या वर काढल्या. परंतु पुढचा प्रवास लहान होड्यांतून करावयाचा असल्याने सर्व ओझे नेणे अशक्य होते. शॅकल्टन व हर्ली यांनी बर्फावर बसून एकेक पट्टी पाहिली, सु. १२० राखून ठेवल्या आणि सु. ४०० तेथेच फोडून टाकल्या. नंतर मोह होऊन त्या पुन्हा उचलल्या जाऊ नयेत, हा फोडण्यामागील हेतू होता. राखलेल्यांत पॅजेट पद्धतीच्या काही रंगीत पट्ट्याही होत्या. जड कॅमेरे टाकून देण्यात आले. हर्ली यांच्याजवळ एक लहान कोडॅक कॅमेरा व फिल्मची तीन रिळे एवढेच उरले. मोहिमेचे जे चित्र आज जगासमोर आहे, ते अशा रीतीने त्या दिवशीच्या निवडीने ठरलेले आहे.

यानंतरचा प्रसंग छायाचित्रणाच्या दृष्टीने रिकामा आहे. शॅकल्टन व पाच सहकारी २४ एप्रिल १९१६ रोजी एलिफंट बेटावरून ‘जेम्स केर्ड’ या होडीने निघाले व साउथ जॉर्जियाच्या निर्जन बाजूस पोहोचले. १९–२० मे रोजी शॅकल्टन, वर्स्ली व टॉम क्रीन यांनी बेटाचा हिमाच्छादित अंतर्भाग पायी ओलांडून स्ट्रॉमनेस येथील कारखाना गाठला. या बेटावरील सर्वांत विख्यात प्रवास हाच. परंतु त्याचे एकही छायाचित्र नाही, कारण छायाचित्रकार एलिफंट बेटावर सुटकेची वाट पाहत होता. ती सुटका ३० ऑगस्ट १९१६ रोजी चिलीच्या ‘येल्चो’ जहाजाने केली.

मोहिमेवर मोठे कर्ज होते आणि चित्रपटाच्या उत्पन्नावर बरीच भिस्त होती. बर्फातील जहाजाची दृश्ये हाती होती. प्राण्यांची पुरेशी नव्हती. पेंग्विन व सील यांवाचून ध्रुवीय चित्रपट चालत नाही, हा अनुभव हर्बर्ट पाँटिंग यांनी स्कॉटच्या १९१०–१३ च्या मोहिमेत घेतलेल्या दृश्यांच्या लोकप्रियतेवरून सर्वांना आला होता. म्हणून १९१७ मध्ये हर्ली यांना पुन्हा साउथ जॉर्जियाला धाडण्यात आले. तेथे त्यांनी हिमनद्या, पेंग्विनच्या वसाहती, एलिफंट सीलचे कळप आणि देवमाशांचे कारखाने यांचे चित्रण केले. १९१९ मध्ये दाखविण्यात आलेल्या आणि आज ‘साउथ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूकपटाच्या उत्तरार्धात ही दृश्ये आहेत. लंडनमध्ये शॅकल्टन स्वतः पडद्याशेजारी उभे राहून व्याख्यान देत. जहाजाच्या विनाशानंतर पेंग्विनच्या गमती दाखविणारा हा भाग आजच्या प्रेक्षकास विसंगत वाटतो. तसेच, ती दृश्ये सुटकेनंतर वेगळ्या सफरीत घेतलेली आहेत हेही त्याच्या सहज ध्यानात येत नाही. तरीही शास्त्रीय दृष्ट्या चित्रपटाचा हाच भाग अधिक उपयुक्त आहे, कारण त्यातील स्थळे आजही शोधता येतात. वेडेल समुद्रातील तरंगता बर्फ मात्र कधीच विरून गेला.

हर्ली एकाहून अधिक निगेटिव्ह जोडून एक चित्र तयार करीत. सपाट पांढऱ्या आकाशाच्या जागी दुसऱ्या काचपट्टीवरील ढग छापणे ही त्या काळी सर्रास मान्य रीत होती. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. ‘जेम्स केर्ड’ एलिफंट बेटावरून निघाल्याच्या प्रसंगाचे चित्र फेरफार करून सुटकेचे म्हणून प्रसिद्ध झाले. मूळ निगेटिव्हवर खाडाखोडीच्या खुणा आहेत. १९१७ मध्येच पश्चिम आघाडीवर अधिकृत छायाचित्रकार म्हणून काम करताना अशा जोडचित्रांवरून त्यांचा चार्ल्स बीन या युद्धेतिहासकाराशी उघड वाद झाला. एका चौकटीत न मावणारा अनुभव जोडचित्रानेच सांगता येतो, असे हर्ली यांचे म्हणणे. तर पुढील पिढ्यांना पवित्र वाटावा असा पुरावा भ्रष्ट होतो, असे बीन यांचे. कलावंत म्हणून हर्ली यांची बाजू समजण्यासारखी आहे. परंतु साउथ जॉर्जियाच्या बाबतीत काळाने बीन यांच्या बाजूने कौल दिला, असेच म्हणावे लागते. हिमनदीचे मुख एखाद्या वर्षी नेमके कोठे होते हे ठरवावयाचे झाल्यास छापील प्रत पुरत नाही. मूळ काचपट्टी, तिचा दिनांक व कॅमेऱ्याची जागा या तिन्ही गोष्टी लागतात. लंडन येथील रॉयल जिऑग्रफिकल सोसायटी, केंब्रिज येथील स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूट व सिडनी येथील स्टेट लायब्ररी यांतील संग्रहांचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लुडव्हिग कोल-लार्सेन यांची १९२८–२९ ची मोहीम उल्लेखनीय ठरली. त्यांच्या सोबत पत्नी मार्गिट (सी. ए. लार्सेन यांची कन्या) व आल्बेर्ट बेनिट्झ हे चलच्चित्रकार होते. या तिघांनी हिमनद्यांवरून बेटाच्या अंतर्भागात प्रवास करून किनाऱ्यापलीकडील भूदृश्ये प्रथमच विस्ताराने चित्रित केली. १९४६–४७ च्या उन्हाळ्यात नायल रँकिन या ब्रिटिश पक्षिनिरीक्षकांनी ‘अल्बट्रॉस’ या स्वतःच्या बोटीतून किनारा पालथा घातला. मुक्कामाची बोट स्वतःची असल्याने कारखान्यांच्या सोयीवर त्यांना अवलंबून राहावे लागले नाही. त्यांच्या चित्रांतील निवांतपणा बहुधा त्यातूनच आला असावा. १९५१–५७ मध्ये डंकन कार्स यांच्या नेतृत्वाखाली बेटाची पद्धतशीर पाहणी झाली व विश्वसनीय नकाशा तयार झाला. १९६५ च्या सुमारास देवमाशांचा उद्योग थांबला.

१९८२ मध्ये छायाचित्रण व राजकारण यांची अनपेक्षित गाठ पडली. सिंडी बक्स्टन व ॲनी प्राइस या दोघी ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील वन्यजीव मालिकेसाठी सेंट अँड्र्यूज उपसागरातील किंग पेंग्विनचे चित्रण करीत असतानाच ३ एप्रिल रोजी अर्जेंटिनाच्या सैन्याने ग्रिट्व्हिकेन घेतले. त्या सु. चार आठवडे तेथेच अडकून पडल्या. ब्रिटनने बेट परत मिळविल्यावर ३० एप्रिल रोजी हेलिकॉप्टरने त्यांची सुटका झाली. त्या उपसागराकडे उतरणाऱ्या एका हिमनदीस पुढे बक्स्टन यांचे नाव देण्यात आले.

जुनी छायाचित्रे, नकाशे व उपग्रहचित्रे यांच्या आधारे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेटावरील किनारी १०३ हिमनद्यांपैकी ९७ टक्के मागे सरल्याचे आढळले [⟶ हिमनदी]. ग्रिट्व्हिकेनच्या जवळची नॉयमायर हिमनदी १९५० नंतरच्या काळात ४ किमी. हून अधिक मागे गेली. या माघारीचा एक परिणाम जीवसृष्टीवर होऊ घातला होता. शिकाऱ्यांच्या जहाजांबरोबर आलेले उंदीर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी व पिल्ले खात. समुद्रापर्यंत पोहोचलेल्या हिमनद्या त्यांना भिंतीसारख्या अडवीत. या भिंती मागे सरल्या तर उंदीर उर्वरित किनाराही व्यापतील, हे तुलनेवरून स्पष्ट झाले. हिमनद्यांनी विभागलेल्या पट्ट्यांत एकेक करून विषारी आमिष टाकण्याची संधी त्या शिल्लक असेपर्यंतच होती. २०११, २०१३ व २०१५ या हंगामांत ही मोहीम पार पडली आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

विसाव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ न दिसणारे फर सील पुढे लाखोंच्या संख्येने परतले. हर्ली व मर्फी यांच्या चित्रांतील मोकळ्या किनाऱ्यांवर पुढे हंगामात पाऊल ठेवण्यास जागा उरेनाशी झाली. किंग पेंग्विनच्या वसाहतीही अनेक पटींनी वाढल्या. एलिफंट सीलच्या बाबतीत मात्र चित्र पुन्हा पालटले आहे. २०२३ मध्ये पक्ष्यांचा संसर्गजन्य इन्फ्लूएंझा बेटावर पोहोचला. मानवरहित विमानांतून २०२२ व २०२४ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांतील प्राण्यांची मोजणी केली असता, तीन सर्वांत मोठ्या वसाहतींतील विणीच्या माद्यांची संख्या जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळून आले.