पळसावरची लाख आणि जीपचे चेंबर

बाबा गेले त्याला दोन वर्षे होत आली, तेव्हा देवरीच्या घरची जीप भंगारात द्यायचे ठरले होते. चिंचेखाली उभ्या असलेल्या त्या गाडीखालचा तेलाचा काळा डाग दरवर्षी थोडा थोडा रुंद होत होता, आणि इंजिन सुरू केले की बोनेटपासून मागच्या फाळक्यापर्यंत सगळी गाडी थडथडत असे. भंगारवाल्याने वजनाचा भाव सांगितला. होकार देण्याआधी मी बाबांच्या वेळच्या मिस्त्रींना बोलावले. ते आडवे होऊन गाडीखाली सरकले, बोटाने तेल पुसून पाहिले आणि आतूनच म्हणाले, “चेंबरचं पॅकिंग गेलं, अन् त्यापायी फाउंडेशन गेलं. इंजिन चांगलं हाये जी. भंगारात काहून देता?”

प्रस्तुत लेखाचा विषय त्या प्रश्नातून निघाला. गोंदियाच्या परिसराचा इतिहास मी बरीच वर्षे जमवतो आहे. धानाच्या गिरण्या, रेल्वे, विडीचा धंदा यांची टिपणे माझ्याकडे आहेत. अंगणातल्या दुरुस्तीला त्यांत जागा मिळेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे पत्र्याचे भांडे असते, त्याला आपल्याकडे चेंबर म्हणतात. त्याच्या आणि इंजिनाच्या सांध्यात बसते ते पॅकिंग. इंजिन चौकटीवर ज्या रबरी गाद्यांवर टेकते ते फाउंडेशन, म्हणजे गाडीतला पायाच. सुरुवातीच्या अनेक मोटारींत इंजिन चौकटीला थेट बोल्टने आवळलेले असे आणि त्याचा प्रत्येक हादरा बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत पोचे. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीचे इंजिन रबरावर तोलून बसवले आणि त्याची जाहिरात ‘तरंगती शक्ती’ म्हणून केली. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने ते तंत्र परवान्याने घेतले. महायुद्धातल्या विलिस जीपचे इंजिनही रबरावरच होते, आणि १९४७ पासून महिंद्राने तिची जुळणी मुंबईत सुरू केली. खाचखळग्यांच्या जंगलवाटांना ती मानवली.

नैसर्गिक रबराला खनिज तेल सोसत नाही. तेल लागत राहिले की ते फुगते, मऊ पडते आणि धातूपासून सुटते. मग इंजिन एका अंगाला बसते, हादरे वाढतात आणि त्या हादऱ्यांनी बोल्ट ढिले होऊन गळती आणखी वाढते. मिस्त्रींचे ‘त्यापायी’ हे असे शास्त्रशुद्ध होते. एकच वस्तू बदलून भागणार नव्हते.

चिंचेच्या जाड फांदीला चेन पुली बांधून आम्ही इंजिनाचे वजन साखळीवर घेतले. साखळीवर भरवसा नको म्हणून गाडीच्या चौकटीखाली लाकडी ठोकळे रचले. पुढची दोन आणि गिअरबॉक्सखालचे एक अशी तिन्ही फाउंडेशने सोडून इंजिन चार बोटे उचलले. जुने रबर हातात आले ते शिळ्या गुळासारखे चिकट. तेल काढून चेंबर उतरवले, तर त्याच्या कडेला प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती पत्रा फुगलेला होता. गळती थांबेना म्हणून कुणीतरी वर्षानुवर्षे बोल्ट अधिकच कसत गेले होते. ते कुणीतरी म्हणजे बाबा, हे मला ठाऊक होते. मिस्त्रींनी ती कड ओंडक्यावर ठेवून हातोडीने हलकेच सपाट केली. मग बुचाच्या शीटवर चेंबर उपडे ठेवून पेन्सिलीने रेघ मारली आणि ब्लेडने नवे पॅकिंग कापले.

ते चिकटवायला त्यांनी पिशवीतून तांबूस काळ्या द्रवाची बाटली काढली. “हे काय?” मी विचारले.

“शेलॅक. म्हणजे लाखच तं होय जी. आमची माय पळसावरची खरवडत होती.”

लाख आपल्याला माहीत असते ती बांगड्यांत, नाहीतर महाभारतातल्या लाक्षागृहात. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे इवले किडे रस शोषत बसतात आणि अंगाभोवती राळेचे कवच घडवतात. पळसावरच्या रंगिनी जातीची दोन पिके येतात, बैसाखी आणि कतकी. कतकी उतरते ती दिवाळीच्या आसपास. एके काळी लाखेच्या लाल रंगालाच मोठी मागणी होती. १८५६ नंतर रासायनिक रंग आले, लाल रंग मागे पडला आणि राळेचे मोल वाढत गेले. ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्यांत लाख असे. तबकडीवरचे बालगंधर्व महाराष्ट्राने ऐकले ते लाखेच्याच कृपेने.

हीच लाख मोटारीच्या सांध्यात गेली त्याला कारण आहे. ती स्पिरिटमध्ये विरघळते, पण खनिज तेलात आणि पेट्रोलमध्ये विरघळत नाही. साधारण ७५ ते ८० अंशांना ती वितळते खरी, पण बराच काळ तापत राहिली तर घट्ट होते आणि पुन्हा वितळत नाही. “इंजिन गरम करा, थंड होऊ द्या, मंग पुन्हा कसा,” हा मिस्त्रींचा नियम बुचाच्या दबण्याला जसा लागू पडतो, तसाच लाखेलाही.

गोंदिया हे लाखेच्या व्यापाराचे एक ठिकाण होते. बंगाल-नागपूर रेल्वेने शहर कलकत्त्याच्या बंदराशी जोडले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नॅरोगेजने बालाघाट, नैनपूरकडचा जंगलमाल इथे आणला. जुन्या पद्धतीत काडीवरची लाख कुटून, धुऊन लांब कापडी पिशवीत भरत आणि भट्टीसमोर पीळ देत. पिशवीतून पाझरणारा गरम गोळा कारागीर हात, पाय आणि दात वापरून ताणत, कागदासारखा पातळ करत. त्याचे तुकडे म्हणजे चपडा. १९२४ साली रांचीजवळ नामकूमला लाखेची संशोधन संस्था उभी राहिली. दातांनी लाख ताणणाऱ्यांची आणि पळसावरून ती खरवडणाऱ्या बायकांची नावे मात्र मला कुठल्याच टिपणात लिहिलेली आठवत नाहीत. माझ्या टिपणांतही नव्हती.

रबर दक्षिणेतल्या मळ्यांतले, बूच पोर्तुगालकडच्या झाडाची साल, आणि चिकटवायला लाख. आपल्या रानातून गेलेली वस्तू बाटलीत बसून, परकी नाव लावून परत आली आणि आपण तिला ओळखले नाही. आता सिलिकॉनच्या नळ्या आल्या आहेत. शेलॅक म्हणून विकले जाणारे सगळेच लाखेचे असते असेही नाही. ‘माय खरवडत होती’ हे सांगणारा मिस्त्री गेला की हा दुवाही जाईल. मी गिरण्यांच्या मालकांची नावे जमवत राहिलो आणि गिरणी चालती ठेवणाऱ्या हातांना काही विचारले नाही.

जीप विकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याखाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा होता. आठ दिवसांनी मिस्त्री बोल्ट पुन्हा कसायला आले. मधल्यापासून कडेकडे, आळीपाळीने, हाताच्या बेताने त्यांनी ते कसले. नंतर चहा ठेवला आणि मी वही उघडून बसलो. पहिला प्रश्न विचारला, “तुमच्या माईचं नाव काय होतं?”