विमासक्तीविरोध (अमेरिकेतील राज्यांचा)

२३ मार्च २०१० रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांच्या सहीने अमलात आलेल्या आरोग्यविमा कायद्याने बहुतेक नागरिकांवर विमा उतरवण्याची सक्ती केली. न उतरवल्यास दंड होता. त्याविरुद्ध राज्यांनी दिलेल्या लढ्याचा गाजावाजा झाला तो न्यायालयात आणि मतपेटीत, पण त्याला यश आले प्रशासनात. आयडाहोने केंद्राचा कायदा होण्याआधीच, १७ मार्चला, सक्ती नाकारणारा कायदा केला. ऑगस्टमध्ये मिसुरीतील सुमारे ७१ टक्के मतदारांनी तसाच कौल दिला. केंद्राचा कायदा राज्याच्या कायद्यावर मात करतो, त्यामुळे हे ठराव निषेधापलीकडे फारसे गेले नाहीत. फ्लोरिडासह २६ राज्यांच्या दाव्यात २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सक्ती टिकवली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी दंडाला कर मानले, आणि कर लावणे संसदेच्या अधिकारातच येते.

मात्र त्याच निकालाने राज्यांच्या हाती खरे हत्यार दिले. गरिबांसाठीची मेडिकेड योजना या कायद्यानुसार न वाढवणाऱ्या राज्याचे आधीचे अनुदान रोखता येणार नाही, असे सात न्यायाधीशांनी ठरवले. वाढीव खर्च पहिली तीन वर्षे केंद्रच उचलणार होते, तरी टेक्सस, फ्लोरिडा यांनी नकार दिला. परिणाम विचित्र झाला. विमा हप्त्यासाठीची सवलत दारिद्र्यरेषेपासून वरच्या उत्पन्नालाच होती, कारण खालच्यांना मेडिकेड मिळेल असे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. त्यामुळे या राज्यांतले अनेक अतिगरीब दोन्हींना मुकले, आणि त्यांच्याहून थोडे अधिक कमावणाऱ्याला मदत मिळाली.

२०१९ पासून दंड शून्यावर आला, म्हणजे राज्येच जिंकली, असे म्हटले जाते. पण तो निर्णय २०१७ च्या करकायद्याने संसदेने घेतला. त्यानंतर टेक्ससने केलेला दावा २०२१ मध्ये दाव्याचा अधिकारच नाही म्हणून फेटाळला गेला. सक्ती राज्याने करावी, केंद्राने नव्हे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्ये गव्हर्नर मिट रॉम्नी यांच्या कारकिर्दीत स्वतःची सक्ती आणली होतीच. तथापि मेडिकेड नाकारण्याचे समर्थन या युक्तिवादातून होत नाही, कारण तिथे नागरिकावर सक्ती नव्हती. मिसुरीच्या मतदारांना हा फरक कळला असावा. २०२० मध्ये त्यांनी सुमारे ५३ टक्के मतांनी मेडिकेडची वाढ मंजूर केली, विधिमंडळाने पैसे अडवले, आणि जुलै २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदारांची बाजू उचलून धरली.