पॉलिशिंग यंत्र, मोटारींच्या रंगासाठीचे

मोटारीच्या रंगावरील बारीक ओरखडे व निस्तेजपणा घालवण्यासाठी वापरले जाणारे, मऊ पॅड फिरवणारे हातयंत्र. मोटारकारखान्यांच्या रंगविभागात क्लिअर कोटमध्ये (रंगावरील पारदर्शक थरात) अडकलेला धूलिकण घासून काढतात व तेवढीच जागा लहान यंत्राने चमकवतात. डिटेलिंगच्या (गाडी बारकाईने स्वच्छ व चकचकीत करण्याच्या) दुकानांत सबंध गाडीसाठी मोठी यंत्रे लागतात.

प्रकार : रोटरी यंत्राचा पॅड एकाच अक्षाभोवती फिरतो. खोल ओरखडे ते लवकर काढते. मात्र उष्णता एका जागी साचते, कडांवरचा रंग उडू शकतो आणि उन्हात दिसणारी वर्तुळाकार झाक मागे राहते. ड्युअल अॅक्शन यंत्राचा पॅड फिरता फिरता झुलतोही. झुलण्याचा पल्ला (थ्रो) साधारण ८ ते २१ मिमी. दाब वाढला की फिरणे थांबते, म्हणून नवशिक्यासाठी हेच सुरक्षित. मोठा पल्ला बॉनेट-छतासाठी, लहान पल्ला वळणदार भागांसाठी योग्य. गिअरचलित प्रकारात फिरणे थांबत नाही. घासण्याची ताकद वाढते, तशी थरथरही.

निवड : क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनच असतो आणि घासलेला थर परत येत नाही. म्हणून आधी जाडी मोजावी, गाडी स्वच्छ धुवावी, छोट्या जागेवर सर्वांत सौम्य पॅड व पॉलिश वापरून पाहावे. प्लॅस्टिकच्या बंपरवर उष्णता लवकर पसरत नाही. तिथे रोटरी टाळणेच उत्तम.