मोजपट्टी धरणाची आणि सर्व्हरची

सातबाऱ्याचा उतारा काढायला गेलेल्या माणसाला आजकाल एक उत्तर कधी ना कधी ऐकावे लागते, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." सर्व्हर म्हणजे एकाच वेळी अनेकांना माहिती पुरवणारा संगणक. तो का अडला हे कळायचे तर त्याच्या कामावर आणि खर्चावर सतत नजर हवी. ही विद्या नवी वाटते खरी. परंतु तिचे मर्म समजून घ्यायला पैठणच्या नाथसागराइतका चांगला धडा दुसरा नाही.

या धरणाचा मूळ विचार बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळचा. पुढे जागा पैठणला आली, नाव मात्र तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा बांध, २७ दरवाजे, २०८ किलोमीटरचा डावा कालवा आणि १३२ किलोमीटरचा उजवा.

धरणाची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. त्यांपैकी ७३८ मृत साठा आणि २,१७१ उपयुक्त साठा. आता गंमत पाहा. पाणी मृत साठ्यापर्यंत उतरले, तरी भांड्यात चौथा हिस्सा पाणी असते. पण कागदावर उपयुक्त साठा शून्य टक्के! २०१६ च्या उन्हाळ्यात हेच झाले. तेव्हा 'किती टक्के' असे कोणी सांगितले, की पहिला प्रश्न विचारावा, 'कशाचे टक्के?'

सर्व्हरचेही असेच आहे. त्याची मोजमापे मुख्यतः चार: प्रोसेसर किती राबतो, स्मृती किती व्यापली, डिस्क किती भरली आणि बाहेर किती माहिती ये-जा करते. स्मृतीचा काही भाग यंत्र स्वतःच्या कारभारासाठीच अडवून ठेवते. तो जणू मृत साठाच. डिस्कवर जुन्या नोंदी साचत जातात, तो गाळ. वेळीच उपसला नाही, तर एके दिवशी जागा संपते आणि काम ठप्प होते.

सरासरीही फसवते. समजा, दिवसभराची सरासरी ४० टक्के निघाली. पण सकाळी अकराला, लोकांची रांग लागलेली असताना, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल, तर ती सरासरी रांगेतल्या माणसाच्या काय कामाची? ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरीला पूर आला, धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि पैठण शहरात पाणी शिरले. वर्षाच्या सरासरीत तो दिवस दिसतही नाही. म्हणून आवक आणि विसर्ग घटकेघटकेला पाहावे लागतात.

आता आभासी सर्व्हरकडे वळू. एकाच मोठ्या यंत्राचे अनेक वाटे करायचे आणि प्रत्येकाला वाटावे की आपले यंत्र स्वतंत्र आहे. १९७२ साली, म्हणजे महाराष्ट्रात दुष्काळ पडला त्याच वर्षी, आयबीएमने अशी पद्धत व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. लहान यंत्रांवर ती १९९९ पासून रुळू लागली.

यात एक मेख आहे. वाटे करणारा कधी कधी असलेल्यापेक्षा जास्त देऊ करतो. सगळे एकदम मागत नाहीत, या भरवशावर! सगळ्यांनी एकदम मागितले की आभासी सर्व्हर ताटकळतो. आपला वाटा आपल्या हातात आहे असे तो समजत असतो. पण खालचे खरे यंत्र दुसऱ्याच्या कामात गुंतलेले असते. या वाट पाहण्याला 'स्टील टाइम' म्हणतात, म्हणजे चोरीला गेलेला वेळ. कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी ही व्यथा लगेच ओळखील. पाळीच्या कागदावर त्याचे नाव असते, चारीत पाणी नसते. त्याच्या चारीवर कितीही नजर ठेवा, कारण सापडणार नाही. ते वर, मुख्य कालव्यावर आहे. म्हणून आभासी आणि खरे, दोन्ही यंत्रे जोडीने मोजावी लागतात.

नाथसागरालाही स्वतःची मोजपट्टी पुरली नाही. वरच्या नगर-नाशिकच्या धरणांत किती पाणी अडले, तेही पाहावे लागले. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाची तरतूद झाली. प्राधिकरणाने २०१४ मध्ये ठरवून दिले, की खरिपातील वापर धरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरून पाणी सोडावे. त्यावर वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. तरी भांडायला निदान सर्वांपुढे एक आकडा आला. मोजमाप नसते, तिथे बळी तो कान पिळी हाच न्याय चालतो.

शिक्षकबंधूंनी एवढे करावे: पावसाळ्यात धरणाचा साठा, आवक आणि विसर्ग यांचे रोजचे आकडे मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावेत आणि त्यांचा आलेख काढावा. साठा किती, यापेक्षा तो कोणत्या वेगाने बदलतो, हे मुलांना दिसू लागेल. उद्या त्यांच्यापैकी कोणी सर्व्हर सांभाळील, कोणी पाटाचे पाणी. दोघांनाही तीच नजर लागणार आहे.