बाळाचं हृदय आणि काचेच्या नळ्या

श्रोते हो, मोसंबीच्या बागेला ठिबक करताना तुमच्यापैकी पुष्कळांनी एक गोष्ट पाहिली असेल. मोटार चालू असली की नळी कशीही वळवा, कुठेही जोडा, पाणी पोचतं. पण मोटार बंद ठेवून टाकीतलं पाणी नुसत्या उताराने सोडायचं ठरवलं, की प्रत्येक एल्बो आणि प्रत्येक जोड आडवा येतो. जरा कुठे नळी दबली, की शेवटच्या झाडाला थेंब जात नाही. आज ज्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगायचा आहे, तिचं मर्म ह्या मोटार नसलेल्या नळीत आहे.

हसनाबाद असो, मुंबई असो की विलायत असो, जन्मणाऱ्या दर हजार बाळांत आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. पुष्कळांचा दोष किरकोळ असतो. काहींचं मात्र ओठ-नखं निळी पडतात, दूध ओढताना दम लागतो. पूर्वी अशा लेकराला नजर लागली म्हणत, आणि ते गेलं की सटवाईने कपाळी तेवढंच लिहिलं होतं म्हणत. आईबापांचा ह्यात काय दोष? वैद्याजवळही उत्तर नव्हतं.

हृदय म्हणजे एका भिंतीला लागून असलेले दोन पंप. उजवा पंप वापरलेलं, काळसर रक्त फुप्फुसांत ढकलतो. डावा पंप तिथून आलेलं ताजं रक्त सगळ्या अंगाला पाठवतो. शिक्षक मंडळी मुलांना वरच्या कप्प्यांना कर्णिका आणि खालच्यांना जवनिका म्हणून शिकवतात. खरा जोर जवनिकांचा.

निळ्या बाळांच्या एका मोठ्या गटात फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते आणि दोन जवनिकांमधल्या पडद्याला भोक असतं. काळं रक्त फुप्फुसाला न जाता भोकातून अंगात शिरतं. ही मुलं धावता धावता एकदम उकिडवी बसतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. गुडघे दुमडले, की पायांच्या रक्तवाहिन्या दबतात, अंगाकडची वाट अवघड होते, आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. पाटाच्या एका तोंडावर माती लोटली की पाणी दुसऱ्या दंडाला जातं, तसंच हे. पुस्तकी विद्येच्या आधी ह्या पोरांनी प्रवाहाचा नियम अंगाने ओळखला होता.

अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग ह्या बाई अशीच मुलं तपासत असत. अंगाकडे जाणारी एखादी वाहिनी फुप्फुसाच्या वाहिनीला जोडून द्यावी, म्हणजे रक्ताला नवी वाट मिळेल, असा त्यांचा विचार. तो त्यांनी डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक ह्यांच्यापुढे मांडला. पण जोड घालायचा कसा, हे शोधण्याचं काम पडलं व्हिव्हियन थॉमस ह्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसावर. हा कृष्णवर्णीय तरुण सुतारकाम केलेला. वैद्यक शिकायचं म्हणून साठवलेले पैसे बँक बुडाल्यामुळे गेले, आणि १९३० साली तो ब्लेलॉकच्या प्रयोगशाळेत कामाला लागला. काम शास्त्रज्ञाचं, पण कागदोपत्री हुद्दा झाडलोट करणाऱ्याचा! त्याने सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग करून ती जोडणी बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. थॉमस ब्लेलॉकच्या मागे स्टुलावर उभा राहून टाका कसा घ्यावा ते सांगत होता. मुलीचा निळेपणा ओसरला. काही महिन्यांनी ती पुन्हा निळी पडली आणि दुसरा वाढदिवस येण्याआधीच गेली. परंतु तिच्यामागून हजारो मुलं ह्या शस्त्रक्रियेने वाचली. शस्त्रक्रियेला नाव मात्र दोघांचंच मिळालं. थॉमसला विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली ती १९७६ साली. नावात थॉमसही आता पुष्कळ ठिकाणी जोडतात. हे फार आधी व्हायला हवं होतं, असं मला वाटतं.

आता त्याहून अवघड प्रश्न. काही बाळांच्या हृदयात एकच जवनिका कामाची असते. दोन पंपांच्या जागी एक. मग फुप्फुसात रक्त ढकलायचं कोणी? १९६८ साली फ्रान्समध्ये बोर्दो येथे डॉ. फ्रान्सिस फोंतां ह्यांनी धाडसी उत्तर दिलं: ढकलायला कोणी नकोच. अंगातून परत येणारं काळं रक्त सरळ फुप्फुसाच्या वाहिनीत सोडायचं. उरलेल्या दाबावर ते वाहील. (त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी हृदयरोपण केलं होतं. रुग्ण काही तासच जगला. पण त्यामागेही प्रयोगशाळेतली बरीच मेहनत होती.) फोंतांची हकीकत १९७१ साली छापून आली आणि ठिकठिकाणचे शल्यविशारद ह्या मार्गाला लागले.

सुरुवातीची समजूत अशी, की उजवी कर्णिका मधे ठेवली तर ती आकुंचन पावून छोट्या पंपाचं काम करील. ऐकायला पटतं. पण वर्षं जात तशी ती कर्णिका फुग्यासारखी फुगू लागली, रक्त तिच्यात रेंगाळू लागलं. चूक कुठे, हे जिवंत बाळाच्या छातीत कसं पाहणार?

इथे नळ्यांचं काम सुरू होतं. ही कल्पना जुनी आहे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी इटलीच्या लिओनार्दो दा विंची ह्या चित्रकाराने बैलाच्या महारोहिणीच्या मुळाशी मेण ओतून त्यावरून काचेचा साचा करावा आणि पाण्यात गवताचं बी सोडून भोवरे पाहावेत, असं टिपून ठेवलं होतं. पुढे १८४० च्या सुमारास प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून एक नियम काढला. तो शिक्षकांनी फळ्यावर जरूर मांडावा: दाब आणि लांबी तीच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. एवढ्याशा लेकराच्या वाहिनीत एक टाका जास्त आवळला, तर काय होत असेल, ते ह्यावरून ओळखा.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट ह्या मुलांच्या रुग्णालयातले डॉ. मार्क द लव्हाल ह्यांनी प्रयोगशाळेत नळ्यांचं साधं मंडल मांडलं. सारखा वाहणारा प्रवाह, आणि मधे एक आकुंचन पावणारा कप्पा. कप्पा मदत करतो की अडवतो? उत्तर स्पष्ट आलं: अडवतो. मोटेचं पाणी थारोळ्यात पडतं, गरगरतं, आणि जोर गमावून मग पाटाला लागतं, हे जुन्या माणसांनी पाहिलेलंच आहे. झडप नसलेला कप्पा दाबला, की रक्त पुढे जातं तसंच मागेही जातं; वर भोवऱ्यात शक्ती खर्च होते ती वेगळीच. म्हणून त्यांनी कर्णिकेला बगल दिली. खालून येणाऱ्या महाशिरेचं रक्त सरळ बोगद्यातून आणि वरच्या महाशिरेचं थेट, असं दोन्ही फुप्फुसवाहिनीला जोडलं. प्रयोग आणि रुग्णांचे पहिले अनुभव १९८८ साली एकत्र प्रसिद्ध झाले.

तरी एक खोच उरली. वरून आणि खालून येणारे दोन प्रवाह बरोबर समोरासमोर आले, तर एकमेकांवर आदळतात. गिरिजा पूर्णेला मिळते तशी बाजूने मिळाली तर पाणी पुढे सरतं; दोन ओढे तोंडाला तोंड लावून आले तर फेसच होणार. १९९६ साली अमेरिकेत अटलांटा येथे अजित योगनाथन ह्यांच्या प्रयोगशाळेत काचेचे निरनिराळे नमुने करून हे मोजलं गेलं. एकात दोन नळ्या समोरासमोर, दुसऱ्यात अर्ध्या व्यासाने सरकवलेल्या, मग एक, मग दीड व्यासाने. एक ते दीड व्यास सरकवल्यावर शक्तीचा नाश सर्वांत कमी झाला. त्याच वर्षी द लव्हाल आणि मिलानचे अभियंते ह्यांनी संगणकावर गणित मांडून जोडाच्या आकाराचा विचार प्रसिद्ध केला. पुढे चुंबकीय तपासणीच्या चित्रांवरून एकेका रुग्णाच्या वाहिन्यांचा हुबेहूब नमुना छापून त्यात पाणी आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण खेळवू लागले. नुसतं पाणी चालत नाही, रक्त त्याहून दाट असतं.

पण नमुना म्हणजे बाळ नव्हे. काच श्वास घेत नाही, वाढत नाही. शिवाय नळ्या सरकवताना दुसरं भान ठेवावं लागतं: यकृताकडून येणारं रक्त दोन्ही फुप्फुसांना मिळायला हवं. एकालाच मिळालं तर दुसऱ्या फुप्फुसातल्या वाहिन्या बिघडतात. शक्ती वाचवणारा जोड आणि रक्त वाटणारा जोड, दोन्ही एकच निघेल असं नाही. आणि ह्या शस्त्रक्रियेनंतर शिरांतला दाब जन्मभर चढाच राहतो. म्हणून मूल मोठं झालं, नोकरीला लागलं, तरी त्याची तपासणी सुटत नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावं, मुलं तपासावीत, अशी योजना आहे. हृदयदोष निघाला तर पुढच्या उपचाराची सोयही त्यात आहे. पथकाजवळ वेळ थोडा असतो आणि वर्ग मोठे असतात. तेव्हा मास्तर, बाई, जे मूल खेळता खेळता उकिडवं बसतं, ज्याची नखं निळसर दिसतात, त्याचं नाव आधीच कागदावर लिहून ठेवा, आणि त्या दिवशी ते शाळेत आलं नसेल तर कोणाला तरी त्याच्या घरी पाठवा.