पराक्रम कोणाचा, किंमत कोणाची?

थोर पुरुषांचीं चरित्रें पूर्वीं आपण पुस्तकांतून वाचीत असूं. आतां तीं बहुधा पडद्यावर पाहतों. तेव्हां इतिहासाच्या अभ्यासकानें पुस्तकाला जे प्रश्न विचारावयाचे, तेच चित्रपटालाहि विचारणें प्राप्त आहे. त्यांपैकीं एकच प्रश्न आज मी आपणांपुढें ठेवणार आहें: चरित्रनायकानें पराक्रम केला खरा, पण त्याची किंमत कोणीं मोजली?

हा प्रश्न आमच्या नालासोपाऱ्याच्या मातींतूनच वर येतो. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या धर्मलेखाचा एक तुकडा सांपडला. तो लेख अशोकाचा म्हणून जगाला ठाऊक आहे. ती शिळा वाहून आणणारे मजूर आणि तीवर अक्षरें कोरणारा पाथरवट यांचीं नांवें मात्र कोणासहि ठाऊक नाहींत. दगड जें सांगत नाहीं, तें सांगण्याची मोकळीक चित्रपटाला आहे. ती तो कशी वापरतो, हें दोन उदाहरणांवरून पाहूं. पहिलें इटलीचें, दुसरें आपल्या महाराष्ट्राचें. दोन्हींचा नायक यंत्रानें झपाटलेला उद्योजक आहे.

२०२३ सालीं मायकेल मान या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘फेरारी’ हा चित्रपट प्रसिद्ध झाला. एंझो फेरारी (१८९८–१९८८) हा मोदेना शहरचा गृहस्थ. प्रथम तो स्वतः शर्यतींत मोटार हांकी. १९२९ सालीं त्यानें शर्यतींसाठीं संघ उभारला आणि १९४७ पासून तो स्वतःच्या नांवाच्या मोटारी बांधूं लागला. इतर कारखानदार मोटारी खपाव्यात म्हणून शर्यतींत उतरत. हा मात्र शर्यतींचा खर्च निघावा म्हणून मोटारी विकी. चित्रपटानें त्याचें नव्वद वर्षांचें आयुष्य न घेतां १९५७ सालांतील थोडासा काळच घेतला आहे. आदल्या वर्षीं चोवीस वर्षांचा मुलगा दीनो आजारानें वारलेला, कारखाना पैशाच्या अडचणींत आलेला, दुसऱ्या घरीं वाढणारा मुलगा पत्नीपासून लपविलेला, आणि ती पत्नी लॉरा कारखान्याच्या हिशेबावर नजर ठेवून बसलेली, असा हा संसार आहे. भांडवलांतील तिच्या वांट्यावांचून नायकाचें पाऊल पुढें पडत नाहीं, हें चित्रपट स्पष्ट दाखवितो.

त्या वर्षीं १२ मे रोजीं ‘मिल्ले मिल्या’, म्हणजे ‘हजार मैल’, ही शर्यत होती. ब्रेशियाहून रोमास जावयाचें व परत ब्रेशियास यावयाचें. तेंहि नेहमींच्या रहदारीच्या रस्त्यांवरून आणि गांवांच्या वस्तींतून. गुइदित्सोलो गांवाजवळ द पोर्तागो या चालकाच्या फेरारी गाडीचें टायर फुटलें. तो स्वतः, त्याचा सोबती नेल्सन आणि कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नवांत पांच मुलें होतीं. शर्यत जिंकली तीहि फेरारीच्याच दुसऱ्या एका गाडीनें! पुढें मालकावर खटला झाला व १९६१ सालीं तो निर्दोष ठरला. चित्रपट विजयापेक्षां त्या रस्त्यावरील प्रेतांपाशीं अधिक थांबतो. कडेला उभ्या असलेल्या मुलांनीं कोणताहि पण लावला नव्हता. तरी किंमत त्यांनींच दिली.

आतां आपल्याकडे वळूं. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ सालचा चित्रपट दादासाहेब फाळके यांच्याविषयीं आहे. मुंबईस ख्रिस्तचरित्रावरील चलच्चित्र पाहून दादासाहेबांना वेड लागलें. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ सालीं विलायतेस गेले. तेथून कॅमेरा आणला, आणि ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशन सिनेमागृहांत झळकला. या यशाच्या मागें सरस्वतीबाई होत्या. त्यांचे दागिने गहाण पडले. मंडळींचा स्वयंपाक त्या करीत. त्याखेरीज अंधाऱ्या खोलींत कोऱ्या फिल्मला भोकें पाडण्याचें व ती धुण्याचें कामहि त्यांनीं केलें. मोकाशी यांनीं सरस्वतीबाईंना पडद्यावर मानाची जागा दिली, हें त्यांना भूषणावह आहे.

तथापि माझी एक तक्रार आहे. हा चित्रपट हंसत खेळत चालतो आणि यशाच्या दिवसांतच थांबतो. घरांतील सामान विकलें जातें, तेंहि प्रेक्षकाला गंमतीचें वाटतें. पुढें १९१८ सालीं दादासाहेबांनीं भागीदारींत काढलेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, तींतील मतभेद, १९३१ सालीं आलेला बोलपट, १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा शेवटचा प्रयत्न आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें झालेला अंत, हें सारें पडद्याबाहेर राहतें. जमेची बाजू वाचून झाल्यावर वही मिटली, तर खर्चाची बाजू दिसावी कशी? इटलीच्या चित्रपटानें ती बाजू उघडली, म्हणून या एका बाबतींत तो मला अधिक खरा वाटतो.

आणि दादासाहेबांनीं पहिल्या चित्रपटासाठीं निवडलेली कथाच पाहा. सत्त्व राखलें हरिश्चंद्रानें. पण बाजारांत विकली गेली तारामती आणि तिच्यासवें रोहिदास. बोर्डावर स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला दादासाहेबांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. बापाच्या पणासाठीं राबणारा मुलगा कथेंत होता, तसाच तो घरांतहि होता.

यावरून उद्योजकांनीं धाडस करूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. धाडसावांचून मोटारहि धांवली नसती आणि चित्रहि हललें नसतें. परंतु यापुढें एखादा चरित्रपट पाहून आपण सहकुटुंब घरीं परताल, तेव्हां नायकानें काय मिळविलें एवढेंच बोलूं नका. गहाण कोणाचे दागिने पडले, रस्त्याच्या कडेला कोण उभें होतें, आणि कथा नेमकी कोणत्या सालीं थांबविली, हेंहि मुलांना विचारा. हिशेब दोन्ही बाजूंनीं वाचण्याची संवय घरांतच लागली पाहिजे.