कुड्याची साल आणि तिची बदनामी

उन्हाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीच्या उतारावर पांढऱ्या फुलांनी लहडलेला कुडा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कोकणात त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी करतात. कालिदासाचा यक्ष मेघाला अर्घ्य देतो तेही याच कुटजाच्या फुलांचे. पण या झाडाचे खरे धन आहे त्याच्या कडूजहर सालीत. आव पडू लागली, पोटात मुरडा येऊ लागला की आमच्या आज्या तिचाच काढा पाजीत, आणि चरकानेही सूत्रस्थानात स्राव थांबवणाऱ्या द्रव्यांत कुटजाच्या सालीला श्रेष्ठपद दिले आहे. एवढ्या जुन्या आणि एवढ्या साध्या औषधाचा युरोपात बोजवारा कसा उडाला, ही हकीकत आम्हांला सांगावयाची आहे. तिच्यात दोष औषधाचा नव्हता, ओळखीचा होता.

ती सुरू होते गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि पुढे जन्मभर येथेच राहिला. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात त्याने हिंदुस्थानच्या औषधींची माहिती दिली. पटकीसारख्या भयंकर विकाराचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्धच आहे. त्याला दिलेला देशी शब्द म्हणजे आपली मोडशी. (याच शब्दाचा फ्रेंचांनी पुढे ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ करून घेतला, हा निव्वळ कानांचा विनोद!) अतिसारावर मलबारचे वैद्य वापरीत ती एक वनस्पतीही ओर्ताने नोंदली असून ती कुडाच असावी, असे अभ्यासक मानतात. ओर्ता ऐकीव गोष्टींवर विसंबत नसे. मालुपा नावाच्या हिंदू वैद्याशी त्याची चर्चा चाले. त्या माणसाचे १५६८ मध्ये निधन झाले, आणि १५८० मध्ये धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली!

गोव्यातून परागंदा झालेली अनेक सारस्वत घराणी कोचीनच्या बाजूस स्थायिक झाली होती. तेथे डच अधिकारी व्हॅन ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींचा महाग्रंथ रचावयास घेतला, तेव्हा रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट हे तीन कोकणी वैद्य, आणि इट्टी अच्युतन् हा मलयाळी वैद्य, त्याचे साहाय्यक झाले. तिघा कोकणी वैद्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला बारा खंड निघाले. पहिल्याच खंडात ‘कोडगपाला’ या नावाने आपला कुडा सचित्र आला आहे. झाड समोर, वैद्य शेजारी, चित्रकार हाताशी. येथवर ओळखीत गफलत होण्याचे कारण नव्हते.

गफलत झाली ती झाड न पाहणाऱ्यांकडून. १७५३ साली लिनियसने ‘अतिसारहारक’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. त्याखाली त्याने मलबारच्या कुड्याचा उल्लेख केला, पण ज्या नमुन्यावर ते नाव बसले तो सिंहलद्वीपातील एका निराळ्या झुडुपाचा! तिकडे व्यापारातही तोच घोळ झाला. पांढऱ्या कुड्यासारखाच दिसणारा काळा कुडा आपल्याकडे सर्वत्र उगवतो. दोघांनाही चीक, दोघांनाही पांढरी फुले, दोघांच्याही शेंगा जोडीजोडीने लोंबणाऱ्या. परंतु काळ्या कुड्याच्या शेंगांची टोके एकमेकांस चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या. पांढऱ्याच्या बिया, म्हणजे इंद्रजव, कडू, काळ्याचे गोड. रानातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पण साल सोलून पोत्यात भरली की शेंग मागे राहते आणि नाव तेवढे पुढे जाते. अठराव्या शतकात ‘कोनेसी’ किंवा ‘तेल्लीचेरीची साल’ म्हणून युरोपात गेलेल्या मालात काळ्या कुड्याची जवळजवळ निर्गुण साल मिसळलेली असे. रोग्यांना गुण येईना. डॉक्टरांनी औषधालाच खोटे ठरवले.

पुढे १८५८ मध्ये मुंबईत हेन्स नावाच्या रसायनज्ञाने सालीतले अल्कलॉइड वेगळे केले. त्याला कोनेसीन म्हणतात. पण काळ्या कुड्याच्या कुळावरून त्याला ‘राइटीन’ असेही नाव पडले. चुकीने येथेही पाठ सोडली नाही. १९१२ मध्ये कलकत्त्यात रॉजर्सने ब्राझीलच्या इपेकाक मुळीतील एमेटीनची सुई आमांशावर वापरावयास प्रारंभ केला. तिचा हृदयावर घातक परिणाम होई. म्हणून १९२० नंतर कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत कर्नल रामनाथ चोप्रा आदींनी कुड्याकडे पुन्हा वळून त्याची रीतसर तपासणी केली. अमीबाजन्य आमांशावर तो चालतो, असे त्यांना आढळले.

येथे पूर्वजांच्या नावाने टाळ्या पिटण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. आव पडते ती कधी अमीबाने, कधी जंतूंनी. चरकाला किंवा ओर्ताला हा भेद दिसणे शक्य नव्हते, आणि एकच काढा दोन्हींवर सारखा चालेल असे मानणे भाबडेपणाचे होय. शुद्ध कोनेसीन दिलेल्या काही रोग्यांची झोप उडाली, मन भ्रमले, हेही पुढे नोंदले गेले. १९६६ च्या सुमारास मेट्रोनिडॅझोलचा गुण अमीबावर सिद्ध झाला आणि डॉक्टरांना कुड्याची गरज उरली नाही. आज घरात कोणाला रक्ती आव झाली, तर आम्ही प्रथम मीठ-साखरेचे पाणी देऊ आणि डॉक्टरांकडे जाऊ.

कुटजारिष्ट मात्र आजही खपते, आणि कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची भेसळही आजवर थांबलेली नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी मात्र आपली चूक अखेर निस्तरली: आपला पांढरा कुडा आता ‘होलार्रिना प्युबेसेन्स’, म्हणजे नुसता ‘लवदार’, या नावाने ओळखला जातो. अतिसारहारक ही पदवी नियमाप्रमाणे सिंहलद्वीपाच्या त्या झुडुपाकडेच राहिली. ते आज बागांतून पांढऱ्या फुलांच्या शोभेसाठी लावतात.